शालूच्या फॉर्ममधला सहावा रकाना

शालू काशीनाथ मांडवकर आमच्या मीरा रोडच्या क्लबातल्या तलावावर कामाला होती. काम म्हणजे बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत फरशी पुसायची, ओले टॉवेल वाळत घालायचे, कुणी टोपी विसरलं तर द्यायची. दुपारी दोन ते साडेतीन बायकांची वेळ असे. तेवढा वेळ दाराशी स्टूल टाकून बसायचं, पुरुषमाणूस आत शिरू द्यायचा नाही. तिला लाइफगार्ड व्हायचं होतं. ती झाली नाही, आणि त्याला कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा उगाच चांगला ग्रह व्हायला नको.

२००४ च्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला गुडघ्यांसाठी रोज पाण्यात चालायला सांगितलं. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. गिरगावातली जागा विकून मी सिल्व्हर पार्कला दोन खोल्यांत एकटी राहत होते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भरतकाम, पियानो आणि सरळ पाठीनं बसणं शिकवलं होतं. पाण्याशी मात्र कुणी ओळख करून दिली नव्हती. पहिले दोन दिवस मी उथळ भागात काठाचा दांडा धरून उभी राहिले आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी स्टुलावरची बाई उठली, चपला काढल्या, ट्रॅकपँट आणि टी-शर्टवरच पाण्यात उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, तो दांडा काय पळून जात नाय. सोडा."

"मी बुडेन."

"साडेतीन फुटात? बुडायला पण मेहनत लागते. पाण्याला आपण नको असतो. ते वर फेकतं. आपणच हातपाय मारून आत जातो."

तिनं माझ्या मानेखाली तळवा दिला आणि मला मागे झुकायला लावलं. कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद झाले, वर पत्र्याचं छप्पर दिसत राहिलं. तळवा कधी काढला ते मला कळलं नाही. नवव्या दिवशी मी एकटी पाठीवर तरंगले. माझ्या रोजनिशीत त्या दिवसाच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे की शालूनं आज हात लावला नाही.

तिचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. वडील महिपत पालशेतकर खाडीतून माणसं पलीकडे नेणारी होडी वल्हवत. पोर लहानपणापासून होडीच्या मागे पोहत जायची आणि पोहतच परत यायची. शाळा सातवीपर्यंत. विसाव्या वर्षी लग्न होऊन भाईंदरला आली. नवरा काशीनाथ स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर काम करी. भाईंदर पूर्वेला एक खोली, रुचिता नावाची एक मुलगी. लग्नानंतर सात वर्षं तिनं नळाशिवाय पाणी पाहिलं नव्हतं. मग तलावावरचं हे काम मिळालं.

"हे पाणी म्हणजे मावशी, भरती नाय, ओहोटी नाय, औषधाचा वास. पण पाणी आहे," ती म्हणाली होती. वेळ संपून बायका गेल्या की क्लबचे कोच ईश्वर सर तिला दहा मिनिटं पोहू देत. ती पोहताना पाण्याचा आवाज होत नसे. आम्ही बायका केस पुसत खिडकीतून बघत उभ्या राहायचो.

२००६ च्या जानेवारीत क्लबानं फळ्यावर नोटीस लावली. एक एप्रिलपासून बायकांच्या वेळेला प्रमाणपत्र असलेली स्त्री लाइफगार्ड पाण्याजवळ हवी, नाहीतर ही वेळ बंद. आमच्यात नया नगरच्या, बुरख्यात येणाऱ्या चार-पाच जणी होत्या. पुरुष असताना त्यांनी पाण्यात उतरणं शक्यच नव्हतं. माझंही तेच होतं, फक्त माझं कारण वयाचं. सगळ्या शालूकडे बघायला लागल्या.

"मी सातवी आहे सर," ती ईश्वर सरांना म्हणाली.

"मी नववी नापास आहे," सर म्हणाले. "ट्रेनिंग मी इथेच देतो. मार्चमध्ये बोरिवलीला परीक्षा. चारशे मीटर वेळेत, तळातून वजन वर काढणं, बुडणाऱ्याला ओढून आणणं, प्रथमोपचार, आणि तोंडी. पोहण्याचं तुला मी काय शिकवू? तोंडीचं बघ."

"पुस्तक इंग्रजी आहे."

"मग या मावशींना पकड. यांचं अर्धं आयुष्य इंग्रजीत गेलंय."

ते खरं होतं. बत्तीस वर्षं मी विमा कंपनीत स्टेनो होते. शालू रोज सकाळी अकराला रुचिताला शाळेत सोडून माझ्याकडे येऊ लागली. मी त्या पुस्तकाचं एकेक पान मराठीत उतरवून वहीत लिहून ठेवायची आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून पाठ करायची. खुर्चीवर बसून तिला काही लक्षात राहत नसे.

"बुडणारा माणूस दिसला. पहिलं काम?"

"उडी."

"चूक. पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकवाला काठावर बसलाय मावशी. माणूस तिकडे मरतोय."

"पहिलं काम ओरडून दुसऱ्याला सांगणं. दुसरं, काठी किंवा दोर टाकणं. हे दोन्ही जमलं नाही तरच उडी."

"म्हणजे उडी तिसरी."

"तिसरी."

"आमच्या खाडीत तिसरी उडी मारणाऱ्याला प्रेत सापडतं," ती म्हणाली, पण तिनं ते लिहून घेतलं. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि खाली, मी सांगितलेलं नसताना, लाइफगार्ड. एकदा चहा घेताना म्हणाली, "मावशी, माझ्या नावाचा कागद म्हणजे फक्त शाळेचा दाखला. त्याच्यानंतर सगळ्या कागदांवर मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. हा कागद आला ना, की मी तो काचेत बसवून टीव्हीच्या वर लावणार. आल्यागेल्यानं वाचलाच पाहिजे."

ओढून आणण्याच्या सरावाला बुडणारं माणूस हवं होतं. पहिल्यांदा हंसाबेन पुढे झाल्या. हंसाबेन म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या अंगाच्या आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या. "मुझे ले, शालू. मुझे खींच लिया तो पूरा भाईंदर खींच लेगी." पण त्या पाण्यात आडव्या झाल्या की हसत सुटायच्या, आणि हसणारं माणूस तोंडात पाणी घेतं. नया नगरची एक मुलगी आली, ती शालूच्या गळ्यालाच मिठी मारून बसली. शेवटी मी आडवी झाले. मला हलायचं नव्हतं आणि भीती उरली नव्हती.

"मृणालिनीबेन को डूबना अच्छा आता है," हंसाबेन काठावरून म्हणाल्या.

पुढे मंगळवार आणि शुक्रवार मीच बुडत असे. खोल भागात जाऊन पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे. शालू मागून येई, एक हात माझ्या खांद्यावरून छातीवर टाकून मला आपल्या अंगाशी घट्ट धरी आणि दुसऱ्या हातानं पाणी कापत पन्नास मीटर नेई. त्या वेळी माझा एक कान पाण्यात असे आणि दुसरा तिच्या छातीशी टेकलेला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ठोके धावत होते, ते धावणारच. पण मधेच दोन ठोके एकावर एक येत, मग एक जागा रिकामी जाई, मग पुन्हा पळापळ. आणि प्रत्येक ठोक्यामागे काहीतरी खरडत होतं. मला हा आवाज माहीत होता. आमच्या ह्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून तो ऐकत पडून राहायचे.

काठाला पोचल्यावर शालूनं मला शिडीवर चढवलं आणि स्वतः बराच वेळ दांडा धरून खाली तोंड करून राहिली.

"काय झालं गं?"

"काय नाय. आज भात जास्त खाल्ला."

शुक्रवारी पुन्हा तेच, पुढच्या मंगळवारीही. बायका गेल्यावर घेतलेल्या चारशे मीटरमध्ये तिची वेळ परीक्षेच्या वेळेपेक्षा बरीच कमी येत होती, म्हणून ईश्वर सर खूश होते. दुसऱ्या दिवशी ती अकराला आली तेव्हा मी वही उघडली नाही.

"शालू, तुझ्या छातीत काय आहे?"

ती ओट्याला टेकली होती, ती सरळ झाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी आठवड्यातून दोनदा तिथे कान लावून पडते."

ती जमिनीवर बसली आणि हळूहळू सगळं बोलली. अकराव्या वर्षी पावसाळ्यात ताप आला, एकेक सांधा सुजत गेला. आज गुडघा, उद्या मनगट. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा ताप सांध्याला चाटून जातो आणि काळजाला चावतो. दर महिन्याला कमरेत एक सुई घ्यायची, पुढची वीस-पंचवीस वर्षं तरी. आई दर महिन्याला तिला होडीतून पलीकडे दवाखान्यात नेई. नऊ वर्षं एकही महिना चुकला नाही. मग मांडवकरांचं स्थळ आलं. लग्नाला तीन आठवडे उरले असताना सुईची तारीख आली आणि आई म्हणाली, आता नको. सासरी दर महिन्याला दवाखाना दिसला तर लोक काय समजतील? मुलीत खोट आहे म्हणतील. तिथे गेल्यावर यातलं एक अक्षर काढायचं नाही. दवाखान्याचं कार्ड आईनं चुलीत घातलं.

"म्हणजे काशीनाथांना ठाऊक नाही?"

"कुणालाच नाय. आई गेली, आता फक्त मी. आणि तुम्ही."

"अगं, मग डॉक्टरला दाखव. आजच दाखव."

"दाखवते. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर येते, तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे. एवढा महिना जाऊ द्या, मावशी. हे आता कुणाला कळलं तर माझं पाणी पण जाईल आणि घर पण जाईल. तुम्ही शब्द द्या."

मी शब्द दिला. कुणाला काही सांगणार नाही म्हणून. आज वाटतं की त्याच क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं, म्हणजे निदान ती माझ्यावर विसंबून राहिली नसती. पण ती जमिनीवर बसली होती, आणि मला वाटलं एक महिनाच तर आहे.

त्यानंतरही मी मंगळवारी आणि शुक्रवारी आडवी होत राहिले. कान बाजूला ठेवायचा प्रयत्न करून पाहिला. त्या पकडीत ते जमत नाही.

परीक्षा अठरा मार्चला, शनिवारी होती. गुरुवारी आम्ही माझ्या टेबलावर फॉर्म भरला. तिनं भाईंदरच्या एका डॉक्टरची चिठ्ठी आणली होती, प्रकृती उत्तम म्हणून.

"तपासलं का त्यांनी?"

"नाडी बघितली. ओळखीचे आहेत."

माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म मी लिहीत होते. नाव, पत्ता, वय, उंची, शिक्षण. सहावा रकाना होता पूर्वी झालेल्या मोठ्या आजारांचा. माझं पेन थांबलं.

"लिहा ना. नाही म्हणून."

शाळेत आमच्या सिस्टर म्हणत की तोंडचं खोटं एखाद्या वेळी वारा नेतो, लिहिलेलं खोटं तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्याकडे बघत बसतं. पन्नास वर्षं रोजनिशी लिहिताना मी ते पाळलं होतं. माझ्या हातानं तिथे नाही हा शब्द लिहवेना. हो लिहायचा तर शब्द दिलेला.

"राहू दे रिकामा," मी म्हटलं. "कोण बघतंय एवढं?"

"चालेल?"

"चालेल."

रिकामी जागा म्हणजे खोटंही नाही आणि शब्द मोडणंही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाकीचा फॉर्म मी इतका नीट भरला होता की तो एकच मोकळा चौकोन लांबून दिसत होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आयुष्यभर ऑफिसात मी दुसऱ्यांच्या कागदांवरच्या अशा मोकळ्या जागा शोधून काढत आले होते.

शनिवारी सकाळी ईश्वर सर मित्राची मारुती व्हॅन घेऊन आले. शालूनं गडद निळा नवा पोशाख घेतला होता आणि केस इतके घट्ट बांधले होते की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. दहिसर येईपर्यंत ती तोंडीचे प्रश्न स्वतःलाच विचारत होती. सर म्हणाले, "आता गप बस, नाहीतर उत्तरं इथेच संपतील." ती हसली. परीक्षेला अकरा जण होते, त्यात दोन मुली.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाचे कागद एका टेबलावर बघत होते. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई बसली होती. फार तर तीस वर्षांची, केस आखूड, घाईत. तिनं शालूचा फॉर्म उचलला.

"अक्षर सुंदर आहे. कुणी भरला?"

"मी," मी म्हटलं.

"आजी, सहावा रकाना राहिलाय."

"काय नाय मॅडम, मला काय आजार नाय," शालू लगेच म्हणाली.

"मग तसं लिहून टाका आजी. नाही लिहा आणि बाजूला छोटी सही करा." तिनं स्वतःचं पेन माझ्यापुढे धरलं आणि मागच्या मुलाचे कागद बघायला लागली.

मी पेन घेतलं. फॉर्मवर वाकले. शालू माझ्या उजव्या हाताशी उभी होती, तिच्या अंगाला नव्या कापडाचा वास येत होता. तलावाच्या पलीकडून कुणीतरी शिट्टी वाजवून बघत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईनं मान वर केली.

"काय झालं?"

"मावशी, लिहा," शालू म्हणाली. अगदी हळू.

मी पेन टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, तिची छाती एकदा ऐका."

त्यानंतर शालूनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईनं तिला आडोशाला नेलं. आधी बसवून ऐकलं, मग डाव्या कुशीवर झोपवून ऐकलं. तिची घाई संपली होती. मला पडद्याबाहेर ऐकू येत होतं.

"लहानपणी सांधे सुजायचे?"

"हो," शालू म्हणाली.

"सुई कधी बंद केली?"

"लग्नात."

"आज पाण्यात उतरायचं नाही."

"मॅडम, मी दोन महिने रोज हेच करतेय. सरांना विचारा. माझी वेळ बघा."

"तू दोन महिने हे केलंस आणि तरी अजून माझ्यासमोर बसली आहेस, हे कसं, तेच मला कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहायला लागली.

ईश्वर सरांनी व्हॅनची किल्ली काढली, पण शालू निघेना. "बघू दे," म्हणाली. काठावरच्या बाकावर बसून तिनं सगळ्यांची परीक्षा शेवटपर्यंत पाहिली. हातात टोपी होती. रडली नाही. एका मुलानं इशारा मिळताच सरळ उडी मारली, तेव्हा स्वतःशीच म्हणाली, "ओरडला नाय." दुसरी मुलगी वजन घेऊन वर येताना दमली, तर शालूचे खांदे तिच्याबरोबर वर उचलले गेले. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. आमच्यामध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा होती.

परत येताना ती पुढे सरांशेजारी बसली. काशीमिरा आल्यावर म्हणाली, "सर, आधी बाईंना सोडा. त्यांचे गुडघे दुखत असतील."

दीड वर्षात तिनं मला बाई कधी म्हटलं नव्हतं. सरांनाही ते जाणवलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सिल्व्हर पार्ककडे वळवली.

सोमवारी काशीनाथ माझ्या दारात उभा राहिला. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक माणूस, नखांच्या कडांत पॉलिशचा काळा राप. आत ये म्हटलं तर उंबऱ्याशीच थांबला.

"चिठ्ठी वाचून घेतली कारखान्यातल्या बाबूकडून," तो म्हणाला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"महिन्याभरापासून."

"मला आज कळतंय. दहा वर्षं झाली लग्नाला. एका ताटात जेवतो आम्ही. मी काय तिला टाकली असती?"

"तिला भीती होती."

"माझी? तुम्हाला सांगितलं, मला नाय. तुम्ही कोण तिच्या?"

तो वाईट माणूस नव्हता. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. झडप अरुंद झालेली होती. जूनमध्ये पायातल्या शिरेतून नळी घालून ती फुग्यानं रुंद केली. डॉक्टरांनी सांगितलं की वेळेवर आलात, पण झडप काही नवी होत नाही. दर तीन आठवड्यांनी सुई, जड काम नाही, दुसरं मूल नाही, पोहणं नाही. हे सगळं मला ईश्वर सरांकडून कळत होतं. मी इस्पितळात दोनदा गेले. दोन्ही वेळा ती डोळे मिटून पडली होती. ती झोपली नव्हती. झोपलेल्या माणसाच्या पापण्या तशा थरथरत नाहीत.

क्लबाच्या व्यवस्थापकानं तिला कपड्यांच्या खोलीतल्या कामावरूनही कमी केलं. आजारी बाई तलावाजवळ नको म्हणून. एप्रिलपासून बायकांची वेळ बंद झाली. हंसाबेन बाजारात भेटल्या. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "मृणालिनीबेन, दो अक्षर लिख देतीं तो आपका क्या जाता?" मग माझा चेहरा बघून माझा दंड धरला. "नहीं, नहीं. आपने अच्छा किया. जान बची उसकी." इतर जणीही असंच म्हणाल्या. आधी पहिलं वाक्य, मग दुसरं. कुणी दुसरं वाक्य आधी म्हटलं नाही.

ऑगस्टमध्ये क्लबाला कांदिवलीची एक प्रमाणपत्र असलेली मुलगी मिळाली आणि बायकांची वेळ पुन्हा सुरू झाली.

दसरा झाल्यावर ईश्वर सरांनी सांगितलं की काशीनाथ शालूला विश्रांतीसाठी तिच्या माहेरी, भावाकडे ठेवणार आहे. रुचिता तिथल्याच शाळेत जाईल. मी रिक्षा करून भाईंदर पूर्वेला गेले. ती दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पेट्या बांधत होती. बरीच वाळली होती, पण इस्पितळात दिसले होते तसे ओठ आता निळसर नव्हते. तिनं मला खुर्ची दिली. नको म्हणत असताना चहा टाकला.

"साखर घालू ना बाई?"

"अर्धा चमचा." तिला हे माहीत होतं. माझ्या घरी तिनं शंभरदा माझा चहा केला होता.

मी म्हटलं, "शालू, तू माझ्यावर रागावली आहेस."

"राग कसला? तुम्ही खरं बोललात." तिनं गाळणी कपावर धरली. "मी तुमच्याजवळ बोलले ते पण खरंच होतं. आईशिवाय कुणाजवळ बोलले नव्हते."

"तुला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं. माझं झालं असतं." तिनं कप माझ्या हातात दिला आणि पेटीची दोरी ओढायला बसली. दोरी ओढताना दोनदा थांबली. मी उठून धरू लागले तर म्हणाली, "बसा तुम्ही." मग पाठमोरीच विचारलं, "नवीन मुलगी आलीय म्हणे तलावावर."

"हो."

"पाण्यात उतरते?"

"खुर्चीवर बसते. शिट्टी आहे तिच्याकडे."

"हंसाबेनना सांगा, खोल बाजूच्या शिडीवरून उतरू नका. खालची पायरी सुटलीय. मी सरांना बोलले होते, पण कुणी बघितलं नसेल. त्यांचं वजन पडलं की पाय अडकेल. आणि त्या मुलीला सांगा, खुर्ची उन्हाकडे पाठ करून लाव. दुपारी छपराखालून ऊन येतं, पाणी चमकतं, तळ दिसत नाय."

"सांगते."

"नक्की सांगा."

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. मी तिच्या हाताला हात लावला. तो हात तिनं काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही. रुचिताला म्हणाली, "आजींना नमस्कार कर." मुलगी वाकली.

काशीनाथ मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. जिन्यात तो पुढे होता, प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबत होता. खाली आल्यावर लगेच गेला नाही. रिक्षावाल्याला हातानं थांब म्हणाला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "काल तिनं मला विचारलं. गावी गेल्यावर एकदाच, भरती पुरी झाली की पाणी थांबतं तेवढ्या वेळात, खाडीतून पोहून पलीकडे जाऊ का. मी बरोबर होडीतून येतो म्हटलं. डॉक्टर तर नाय म्हणालेत. पण ती माझ्याकडे कधी काय मागत नाय. हे पहिल्यांदा मागितलं. आता मला सगळं सांगते ती, म्हणून विचारलं असेल. मी अजून उत्तर दिलं नाय. तुम्ही शिकलेल्या आहात. मी काय सांगू तिला?"

त्याच्या डोळ्यांत मी हो म्हणावं असं होतं. तिचं ते आवाज न करणारं पोहणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. आणि तो आवाजही मी ऐकला होता, एक जागा रिकामी जाणारा.

"नको म्हणा," मी म्हटलं.

"नको?"

"नको."

त्यानं मान हलवली. "मग तुमचं नाव नाय सांगत मी," तो म्हणाला. "मीच नको म्हटलं असं सांगतो." आणि जिना चढून वर गेला.